रहाटामागचं ऊन

परवा नातीच्या मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. मांडवाला सगळीकडून त्या उघडझाप करणाऱ्या दिव्यांच्या माळा, डोळ्यांना नुसता वैताग. जेवणं चालली होती आणि पंगतीतली एक पोर एकाएकी ताठ झाली, खाली कोसळली आणि हातपाय झाडायला लागली. कुणी कांदा आणा म्हणतंय, कुणी चप्पल हुंगवा म्हणतंय. पाहुण्यांत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं सगळ्यांना मागं हटवलं, तिला कुशीवर वळवलं आणि आधी त्या माळा बंद करायला लावल्या. पोर शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, "आजी, काही जणांना असल्या लुकलुकत्या उजेडानंच फीट येते. अशा वेळी एक डोळा हातानं झाकला तरी पुष्कळदा टळते."

"मला नको शिकवूस," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण तो बिचारा दचकून मागंच सरला. त्याचा काय दोष? माझी ही गोष्ट घडली तेव्हा त्याचा बापही पाळण्यात असेल. पण मला राग आला त्याला मी काय करू! एवढंसं कारण, दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला. आणि त्या एवढ्याशा कारणापायी आमच्या वन्संच्या संसाराची माती झाली.

घरी आल्यापासून घास गोड लागत नाही. म्हटलं, लिहून तरी टाकावं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. वयानं माझ्याहून वर्षा-दीड वर्षानं लहानच, पण रीत ती रीत, मी त्यांना अहोजाहो करायची आणि त्या मला "वहिनी, तू" म्हणायच्या. मी लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या त्या वाडीत आले ती एकोणीसशे तीस सालाच्या थोडी आधी. आमचे हे रोज चालत कचेरीत जायचे, मामंजी आगर बघायचे. माडपोफळींचं आगर, मध्ये विहीर, विहिरीवर पायरहाट. आता कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. गडी फळीवर बसून हातापायांनी ते मोठं लाकडी चाक फिरवायचा, दोराला बांधलेले लोटे भरून वर यायचे, पन्हळीत रिकामे व्हायचे आणि पाटानं पाणी झाडांना जायचं. पावसाळा सरला की रोज सकाळी शिंपणं. रहाटाचा तो कुईकुई आवाज आला की आम्ही समजायचं, चहाला उशीर झाला.

वन्सं दिल्या होत्या दाभोळला. त्यांच्याकडेही असंच आगर, असाच रहाट. जावई आगबोटीवर नोकरीला, बारा महिने पाण्यावरच म्हणायचे. घरात सासू आणि सून दोघीच. माणसं चांगली होती हो. पहिल्या बाळंतपणाला वन्सं आमच्याकडे आल्या, मुलगा झाला, तो इतका गुटगुटीत की सासूबाई रोज मीठमोहऱ्या ओवाळायच्या. तिसऱ्या महिन्यात परत गेल्या. आणि वर्ष व्हायच्या आत विहीणबाई स्वतः त्यांना घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगा बरोबर नव्हता.

झालं होतं असं. वन्संना लहानपणी एकदोनदा चक्कर आली होती, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. दाभोळला मात्र सकाळी विहिरीकडे गेल्या की त्या पडायच्या, दातखीळ बसायची, हातपाय झाडायच्या. दर वेळी नाही, पण व्हायचं ते विहिरीपाशीच. शेवटच्या वेळी मूल कडेवर होतं. ते पन्हळीवर आपटलं, कपाळाला खोक पडली. आणखी हातभर इकडेतिकडे झालं असतं तर सरळ विहिरीत.

"आसरांनी धरलंय तिला," विहीणबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "सोडेपर्यंत इथे राहू दे. मी पोराला बघते. सोडलं की वाजतगाजत घेऊन जाते. माझी सून आहे, मला का ती जड झालीय?"

पाण्यात सात आसरा राहतात, तरण्या बाईवर त्यांची नजर गेली की धरतात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे. मीही मानत होते. खोटं कशाला बोलू? विहिरीपाशीच होतं म्हटल्यावर दुसरं काय असणार!

 वन्संचं दूध अजून आटलं नव्हतं. चोळी भिजायची, त्या माजघरात जाऊन बदलायच्या. एकदा मी मागून गेले तर ओली चोळी हातात धरून नुसत्या उभ्या.  मला तेव्हा मूल नव्हतं, पण ती चोळी मी त्यांच्या हातातून घेतली आणि धुऊन वाळत घातली.

आमच्या विहिरीपाशी मी त्यांना पहिल्यांदा पडलेलं पाहिलं ते तसल्याच एका सकाळी. घागर घेऊन आम्ही दोघी निघालो होतो. सूर्य नुकता वर आला होता, रहाट जोरात चालला होता. वन्सं एकदम थबकल्या, रहाटाकडे बघतच राहिल्या. पापण्या थरथरल्या. मी "वन्सं!" म्हणेपर्यंत त्या खाली. देवा, काय तो प्रकार!  सासूबाई धावत आल्या, कांदा फोडला, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. त्यानंतर ओट्या झाल्या, दहीभात झाले, हिरव्या बांगड्या पाण्यात सोडून झाल्या. वन्संना विहिरीची वाटच बंद केली.

मग मामंजींनी त्यांना रत्नागिरीत डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. मी बरोबर होते. मोटारीत बसायची माझी पहिलीच वेळ, मी खूश. परतताना ऊन कललं होतं आणि रस्त्याच्या कडेनं झाडांची रांग. खोडांमागून ऊन यायचं, जायचं, यायचं, जायचं. वन्सं खिडकीशी होत्या. त्या माझ्या अंगावर कलंडल्या आणि तिथेच फेफरं आलं. ना विहीर ना पाणी!

"पाठीवर बसून आल्या मेल्या!" घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टरनं दिलेल्या औषधानं वन्सं दिवसभर पेंगायच्या, जेवताना हातातला घास ताटात पडायचा. ते औषध थोड्याच दिवसांत सुटलं.

पण मोटारीतलं ते वन्संच्या डोक्यात बसलं होतं. एका दुपारी तांदूळ निवडताना म्हणाल्या, "वहिनी, येण्याआधी काय होतं सांगू? लख्ख, अंधार, लख्ख, अंधार. रहाटामागून ऊन येतं ना, तसंच मोटारीत आलं. मला वाटतं ते पाणी नव्हे गो. ते ऊन."

"उन्हानं कुणाला फेफरं येतं का?" मी म्हटलं. "मग आख्खं कोकण आडवं पडलं असतं."

त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या होत्या. मी आपलं तिथेच सोडलं.

त्यानंतर त्यांना डाव्या डोळ्यावर रांजणवाडी झाली. डोळा सुजून बंद. सासूबाईंनी त्यावर फडकं बांधलं. आणि नेमकं तेव्हाच गाय सुटून आगरात शिरली. वन्संना काही भान राहिलं नाही, धावल्या तिच्यामागं, थेट रहाटाच्या पुढ्यातून. सकाळचं ऊन, रहाट सुरू. मी ओट्यावरून बघतेय. पण वन्सं गाय घेऊन चालत परत आल्या. धडधाकट!

दोराचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आलं नाही गो. वहिनी, आलंच नाही." आणि गाईच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

तेव्हापासून त्यांनी तेच धरलं. ऊन झाडांतून नाचायला लागलं, वाऱ्यानं झावळ्या हलायला लागल्या, खाडीचं पाणी चमकायला लागलं, की पदर एका डोळ्यावर. गंमत म्हणजे दोन्ही डोळे मिटून भागत नसे, मिटल्या पापण्यांतूनही ते लुकलुकायचंच म्हणे. एकच डोळा झाकायचा, तोही घट्ट. वाडीतल्या पोरी "एकडोळी" म्हणून चिडवायच्या. मी एकदा एकीच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा बंद झाल्या. यांना मी सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, "हो का? एका डोळ्यानं बघितलं की आसरा पळतात? मग मीही कचेरीत साहेबाकडे एकाच डोळ्यानं बघतो." कचेरीत एवढे कागद वाचून अक्कल ती एवढीच! मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

हसोत बापडे. वन्संना पुढे एकदाही आलं नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला, पावसाळा गेला. गालांवर रंग आला. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांकडून दाभोळच्या खबरा यायच्या, पोरगा चालायला लागला, पोरगा बोलायला लागला. प्रत्येक खबर त्या परत परत विचारून घ्यायच्या. कसा चालतो? पाय आत टाकतो की बाहेर? त्या माणसाला काय सांगता येणार, तो आपला सुपारी घेऊन आलेला!

मग मामंजींनीच दाभोळला निरोप धाडला. पोर बरी आहे, घेऊन जा. विहीणबाईंचा उलट निरोप आला, आनंद आहे, पण आसरांनी सोडलं हे एकदा देवाच्या तोंडून कळू दे, माझा एकुलता नातू आहे. यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

गुरवानं देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची पडली तर हो. कळी उजवी पडली. आमच्या जिवात जीव आला. पण गुरव पुढे म्हणाला, "आसरांची पाठवणी करायला हवी. विहिरीवर, सूर्य वर येताना, रहाट चालता ठेवून. वाहतं पाणी असल्याशिवाय त्या जायच्या नाहीत. पोरीनं दिवा लावलेलं सूप दोन्ही हातांत धरून पाण्याकडे तोंड करून बसायचं. गाऱ्हाणं संपेपर्यंत काही झालं नाही, की सुटली ती कायमची."

मी वन्संकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक.

मी सासूबाईंच्या पाया पडून सांगितलं, की निदान पदर एका डोळ्यावर घेऊ दे. "आसरांपुढे तोंड लपवायचं?" त्या म्हणाल्या. "मग पाठवणी कसली?" ऊन वर आल्यावर बसू दे म्हटलं, तर वेळ ठरलेली. रहाटावरच्या गड्याला गाठलं, म्हटलं, बाबा, हळू फिरव. तो बिचारा म्हणाला, "वयनी, म्या हळू फिरवीन, पन गुरव वरडला तर म्या काय करू?"

शेवटी वन्संनीच ठरवलं. "मी मान खाली घालून बसेन. सुपातल्या नारळाकडेच बघेन. वर बघायचंच नाही, मग काय होतंय?" आणि मला म्हणाल्या, "तू धुकं मागून ठेव देवाकडे." मी मागितलं हो. रोज मागितलं. धुकं पडलं की सगळंच सोपं होतं.

त्या दिवशी आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

विहीणबाई आदल्या दिवशीच्या आगबोटीनं येऊन बंदराजवळ नातलगांकडे उतरल्या होत्या. पाठवणी होईपर्यंत मायलेकरांची गाठ नको, असं गुरवानंच सांगितलेलं. वन्संना रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे नाहून हिरवं लुगडं नेसल्या, हिरव्या बांगड्या भरल्या. विहिरीसमोर पाटावर बसल्या तेव्हा एखाद्या नव्या नवरीसारख्या दिसत होत्या. मी मागं, जरा एका अंगाला, हात लावता येईल इतक्या अंतरावर.

गाऱ्हाणं सुरू झालं. "बारा गावच्या, बारा येशीच्या..." गडी रहाट फिरवायला लागला. ऊन आलं. चाकाच्या आऱ्यांतून ते वन्संच्या पदरावर, हातांवर, सुपावर पडत होतं, उजेड, सावली, उजेड, सावली. रहाट हळूच चालला होता. गुरवानं मध्येच डोळे वटारून त्याला हातानं खूण केली, चाक जोरात फिरायला लागलं. वन्संची मान खालीच. मी त्यांच्या मानेवरून नजर हलवली नाही. ती मान लाकडासारखी ताठ, घामानं भिजलेली, पण खाली. मी मनात म्हणत होते, थोडंच राहिलं, वन्सं, थोडंच.

आणि खरंच थोडंच राहिलं होतं. गुरव शेवटच्या "व्हय महाराजा"ला आला होता.

विहीणबाईंनी चांगल्याच मनानं केलं. त्यांना वाटलं, संपलंच आता, आई उठली की लेकरू सरळ तिच्या ओटीत द्यावं. त्या मागच्या दगडी गडग्याकडून त्याला घेऊन आल्या आणि विहिरीच्या पलीकडे, रहाटाच्या बाजूला, खाली सोडलं. पोरगं पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याशी दुडुदुडु गेलं. हात घातला. गार लागलं असावं, खिदळलं, आणि ओरडलं, "आजी, पाणी! पाणी बघ!"

वन्संनी वर पाहिलं.

कोण नसतं बघितलं? आई होती ती! वर्षावर झालं, त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता, ताटातूट झाली तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं. त्यांनी पूर्ण मान वर केली, दोन्ही डोळे उघडून बघितलं, आणि हसल्या. मी बाजूनं पाहिलं ते हसू. ते फार वेळ टिकलं नाही. पापण्या थरथरायला लागल्या, तसा मी हात पुढे केला, त्यांचा एक डोळा झाकायला. उशीर झाला. सूप उलटलं, दिवा मातीत पडला, नारळ गडगडत गेला.

पोरगं घाबरून किंचाळलं. विहीणबाईंनी त्याला उचललं, त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. त्याही ढसाढसा रडत होत्या. "मला सून नको असं नाही हो," मामंजींना म्हणत होत्या, "पण तुम्हीच बघा ना. तुम्हीच सांगा मी काय करू."  मामंजी नुसते हात जोडून उभे. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. मी ओरडले, "रहाट थांबवा! अरे, तो रहाट थांबवा आधी!" गडी केव्हाच उडी मारून खाली उतरला होता. चाक आपल्याच जोरावर फिरत होतं.

त्या गेल्या, पोराला घेऊन. परतीची आगबोट गाठायची होती.

आम्ही वन्संना उचलून माजघरात आणून निजवलं. त्या दुपारपर्यंत झोपल्या. मी जवळच बसून होते. बाहेर सासूबाई आणि मामंजी ओसरीवर बसले होते. घरात कुणी जेवलं नाही.

जाग आली तेव्हा त्या छताकडे बघत पडून राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. जीभ चावली गेली होती, बोलणं जड येत होतं.

"किती वाजले गो? उशीर झाला का?"

"कशाला उशीर?" मी विचारलं.

"पाठवणीला. सूर्य वर आला वाटतं." त्या उठून बसायला लागल्या. "दाभोळची माणसं आली का बंदरावरून? आणलंय ना त्याला?"

मला आधी कळेचना. मग कळलं. त्यांना सकाळचं काही आठवतच नव्हतं. पाटावर बसलेलं नाही, गाऱ्हाणं नाही, काही नाही. ज्या एका बघण्यासाठी सगळं गेलं, ते बघणंसुद्धा त्यांच्याजवळ राहिलं नव्हतं. त्यानं घातलेली हाक नाही, पाण्यात घातलेला हात नाही. तेवढं तरी ठेवायचं होतंस रे देवा!

"वहिनी, बोलत का नाहीस? त्याला माझी ओळख राहिली असेल का गो?" केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "शी, केस बघ कसे झालेत. वेणी घाल ना जरा. हा अवतार बघून भिईल तो मला."

मी फणी घेतली आणि त्यांच्या मागं बसले, माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून. गुंता पुष्कळ होता. मी तो अगदी हळूहळू सोडवत राहिले.